रात्रीच्या ओलितानंतर न परतलेली झोप : यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकऱ्याचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करीत असताना माझ्याकडे आलेले हे प्रकरण आहे. रुग्णाचे नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम वगळले आहेत. गावात त्यांना सगळे 'भाऊ' म्हणतात, म्हणून येथेही त्यांचा उल्लेख तसाच केला आहे. वय ५२ वर्षे, शिक्षण सातवीपर्यंत, सात एकर काळी जमीन, त्यात कपाशी, तूर आणि सोयाबीन, आणि विहिरीच्या पाण्यावर हरभरा व थोडा गहू. घरी पत्नी, २४ वर्षांचा मुलगा आणि सून. मुलीचे लग्न दोन वर्षांपूर्वी झालेले.

तक्रार आणि माझी पहिली चूक

मकरसंक्रांतीच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, भाऊ प्रथम आले. बाह्यरुग्ण विभागात त्या दिवशी मोठी गर्दी होती. त्यांनी तक्रार एका वाक्यात सांगितली : "साहेब, दिवसभर वावरात डुलक्या येतेत, अन् पाठ टेकली का डोये टक्क उघडे." ही अवस्था जवळजवळ दोन वर्षांची होती. दिवसा डोके जड राहत असे, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होत असे, आणि फवारणीच्या वेळी औषधाचे माप एकदा चुकल्यापासून त्यांचा स्वतःवरचा भरवसा कमी झाला होता.

मी त्यांचा रक्तदाब पाहिला, चहा कमी करा, चिंता करू नका आणि रात्री लवकर झोपत जा असे सांगितले आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा त्यांची प्रकृती अधिक बिघडली होती. त्यांनी माझा सल्ला अक्षरशः पाळला होता. पूर्वी रात्री नऊच्या सुमारास अंथरुणावर जाणारे भाऊ आता आठ वाजताच जाऊ लागले होते, आणि त्यामुळे अंधारात जागे पडून राहण्याचा त्यांचा काळ रोज एका तासाने वाढला होता. लवकर झोपण्याचा सल्ला झोप कमी पडणाऱ्या माणसासाठी योग्य असतो. झोप येतच नाही अशा माणसाला तो दिल्यास अपाय होतो, आणि हा फरक मी पहिल्या भेटीत विचारातच घेतला नव्हता. दुसऱ्या भेटीत मी त्यांना दुपारी गर्दी ओसरल्यावर थांबवून घेतले आणि त्यांच्या पत्नीलाही बसवून सविस्तर हकिकत विचारली. पुढचे सर्व त्या तासाभराच्या बोलण्यातून निघाले.

निद्रानाश सुरू कसा झाला

आपल्याकडे शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची लाईन असते त्या आठवड्यात हरभऱ्याचे वा गव्हाचे ओलित करायचे तर मध्यरात्री वावरात जाण्यावाचून गत्यंतर नसते. भाऊंनी तीन रब्बी हंगाम हे काम एकट्याने केले, कारण मुलगा तेव्हा शिक्षणासाठी बाहेर होता. लाईन येण्याची वेळ ठरलेली असली तरी ती मध्येच जाई, पुन्हा येई, आणि मोटार बंद पडली तर बारे (एका वेळी पाणी द्यायचा वावराचा तुकडा) कोरडे राहील या धास्तीने ते बांधावर अर्धवट जागे राहत. ज्या रात्री ओलित नसे त्या रात्री रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक राखण्यासाठी जागलीला जावे लागे. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने, सलग तीन वर्षे, त्यांच्या शरीराला रात्र म्हणजे पहारा हीच शिकवण मिळाली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलीचे लग्न झाले. त्यासाठी काढलेले खाजगी कर्ज आणि सोसायटीचे पीककर्ज एकत्र आले. मुलगा गावी परतला आणि रात्रीचे ओलित त्याने आपल्याकडे घेतले. आता भाऊंना रात्री उठण्याचे काहीच कारण उरले नव्हते. तरीही झोप परतली नाही. मुलगा मोटारसायकलने वावरात गेला की ते अंथरुणात गाडीच्या आवाजाची वाट पाहत पडून राहत. ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. पांढरकवडा आणि राळेगाव परिसरात टी-१ वाघिणीच्या दहशतीचे दिवस ज्यांनी पाहिले, आणि ती २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली जाईपर्यंत जी गावे अंधार पडताच दारे लावून बसत होती, तेथील बापाला रात्री वावरात गेलेल्या मुलाची काळजी वाटणारच. शिवाय साप आणि उघडी विहीर यांचा धोका कायमचाच असतो.

तथापि ज्या रात्री दिवसाची लाईन असे आणि मुलगा शेजारच्या खोलीत झोपलेला असे, त्या रात्रीही भाऊ जागेच असत. त्यांच्या पत्नीने आणखी एक गोष्ट सांगितली. गेल्या वर्षी नणंदेच्या गावी लग्नाला गेले असताना मांडवात, लोकांच्या गडबडीत, जमिनीवर सतरंजी टाकून भाऊ रात्रभर गाढ झोपले होते. एसटीत ते झोपतात, भजनात मागे बसले की पेंगतात, आणि स्वतःच्या बाजेवर मात्र जागे राहतात. मला निदानाच्या दृष्टीने हा तपशील सर्वांत मोलाचा वाटला. झोपेची यंत्रणाच बिघडली असती तर ती मांडवातही बिघडलेली असती. येथे बिघडले होते ते अंथरुण आणि झोप यांचे नाते, कारण त्या बाजेवर तासन्‌तास जागे पडून राहण्याची सवय शरीराला झाली होती.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात निद्रानाशाची कारणे तीन थरांत मांडली : मुळात असलेली प्रवृत्ती, त्रास सुरू करणारी घटना, आणि तो टिकवून धरणाऱ्या सवयी. भाऊंची झोप तरुणपणापासून सावध होती, ही प्रवृत्ती. रात्रीचे ओलित, जागली आणि कर्ज ही सुरुवात. परंतु दोन वर्षे झोप हिरावून घेणारी कारणे तिसऱ्या थरातील होती, आणि ती सर्व भाऊंनी झोप मिळवण्यासाठीच केलेल्या प्रयत्नांतून जन्मली होती : लवकर अंथरुणावर जाणे, सकाळी उशिरापर्यंत पडून राहणे, रात्रीची भरपाई म्हणून दुपारी दोन तास झोपणे, जाग आली की वेळ पाहणे, मन रमावे म्हणून मध्यरात्री खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणे आणि शेवटी झोपेची गोळी.

तपासणी

कमीत कमी तीन महिने, आठवड्यातून किमान तीन रात्री, झोपायला पुरेशी संधी असूनही झोप लागत नसेल वा टिकत नसेल आणि त्याचा दिवसावर परिणाम होत असेल, तर त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. भाऊंचे लक्षण या व्याख्येत पूर्ण बसत होते. निद्रानाशाची तीव्रता मोजण्याची सात प्रश्नांची २८ गुणांची प्रश्नावली आहे. त्यात २२ व त्यावरील गुण तीव्र समजले जातात. भाऊंचे गुण २२ आले.

दुसरी कारणे वगळणे आवश्यक होते. ते मोठ्याने घोरत नाहीत, झोपेत श्वास अडकत नाही, असे पत्नीने निश्चित सांगितले. पायांत रात्री वळवळ होत नव्हती. हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडच्या तपासण्या ठीक आल्या. ते दारू पीत नव्हते. खर्रा मात्र दिवसभर चालू होता, आणि त्यातील तंबाखूचे निकोटीन व सुपारी हे दोन्ही मेंदूला जागे ठेवणारे पदार्थ आहेत, ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती. खर्ऱ्याने मन शांत होते असाच त्यांचा समज होता.

या जिल्ह्यात निद्रानाशाचा रुग्ण समोर असताना एक प्रश्न विचारल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे. मी पत्नीला थोडा वेळ बाहेर बसण्यास सांगितले आणि भाऊंना सरळ विचारले की जीव द्यावा असा विचार मनात येतो का. असे विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे; विचारल्याने बहुतेकांना बोलायला जागा मिळते. भाऊ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की मरावे असे वाटत नाही, परंतु पहाटे तीन-चारच्या सुमारास सकाळ होऊच नये असे वाटते. योजना वा तयारी काही नव्हती. नैराश्याच्या प्रश्नावलीत गुण सौम्य श्रेणीत आले. तरीही फवारणीच्या औषधांचे डबे घरात बाजेखालीच ठेवलेले असल्याचे कळल्यावर, ते त्याच दिवशी वावरातील कोठीत कुलूपबंद करावेत आणि किल्ली मुलाकडे ठेवावी, एवढे मी त्यांच्या संमतीने घरच्यांना सांगितले. कीटकनाशक हाताशी नसणे हा आत्महत्या टाळण्याचा सिद्ध झालेला उपाय आहे. 'टेली-मानस' या सरकारी मोफत दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक सुनेने मोबाईलमध्ये साठवून घेतला. पुढील प्रत्येक भेटीत मी हा प्रश्न पुन्हा विचारला.

नोंदवही

उपचार सुरू करण्याआधी दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायची ठरली. येथे एक अडचण होती : वेळ अचूक लिहायची म्हणजे रात्री घड्याळ पाहायचे, आणि घड्याळ पाहणे हा तर त्यांच्या त्रासाचाच भाग होता. तेव्हा गावातील आवाजांवरून अंदाज घ्यायचे ठरवले. रात्रीच्या मुक्कामी एसटीचे येणे, शेजाऱ्याच्या टीव्हीचे बंद होणे, कोंबड्याचे आरवणे, पहाटेचा भोंगा, यांच्या आधारे भाऊ सकाळी सांगत आणि सून भिंतीवरील कॅलेंडरच्या चौकटीत लिहून ठेवी. झोपेच्या उपचारात असा अंदाज पुरेसा असतो.

दोन आठवड्यांची सरासरी अशी निघाली : अंथरुणावर रात्री आठ ते सकाळी सहा, म्हणजे दहा तास, प्रत्यक्ष झोप चार तास चाळीस मिनिटे, तीही तीन तुकड्यांत. अंथरुणातील काळापैकी किती टक्के काळ झोपेत गेला यास झोपेची कार्यक्षमता म्हणतात. निरोगी प्रौढ माणसात ती साधारणपणे ८५ टक्क्यांच्या वर असते. भाऊंची ४७ टक्के होती.

हे आकडे मी त्यांना ओलिताच्या भाषेत सांगितले. विहिरीत पाणी पाच बाऱ्यांपुरते असताना ते दहा बाऱ्यांत सोडले, तर एकही बारे पोटभर भिजत नाही. त्यांची झोप पाच तासांपुरती होती आणि ती दहा तासांवर पसरली होती, म्हणून ती सर्वत्र उथळ झाली होती. ते लगेच म्हणाले, "म्हणजे बारे कमी करा लागतेत." उपचाराचे मर्म त्यांना माझ्याआधी समजले असे मला त्या क्षणी वाटले.

उपचार

दीर्घकालीन निद्रानाशावर गोळीच्या आधी वर्तनावर आधारलेला उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये आणि युरोपीय निद्रा संशोधन संस्थेने २०१७ मध्ये केली आहे. या उपचाराचे दोन मुख्य भाग आहेत. स्पीलमन यांनी मांडलेला एक भाग म्हणजे अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेएवढा आखडणे. दुसरा भाग रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडला. त्यात अंथरुणाचा संबंध फक्त झोपेशी ठेवला जातो. शहरातील दवाखान्यात याच्या सहा ते आठ बैठका होतात. आमच्याकडे ते बाजाराच्या दिवशी पंधरा-वीस मिनिटांच्या भेटींत करावे लागले, आणि तसे ते करता येते.

भाऊंसाठी रात्री साडेअकरा ते पहाटे पाच असा साडेपाच तासांचा काळ ठरवला. पाच तासांच्या खाली हा काळ आणू नये असा दंडक आहे. फेफरे येणाऱ्या वा उन्मादाचे झटके येऊन गेलेल्या रुग्णांना हा उपाय देत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाची पेंग वाढते, म्हणून त्या काळात मोटारसायकल चालवणे, मळणीयंत्रावर काम करणे, फवारणी करणे आणि विहिरीत उतरणे त्यांना पूर्ण बंद केले. मुलाने ही कामे घेतली. घरच्यांनी एवढे मान्य केले नसते तर मी हा उपाय सुरूच केला नसता.

पहाटे पाचची वेळ निवडण्याचे कारण गावातच होते. तेथे गुरुदेव सेवा मंडळाचे सामुदायिक ध्यान पहाटे होते आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने सुरू झालेला हा क्रम विदर्भातील अनेक गावांत अजून टिकून आहे. भाऊ पूर्वी ध्यानाला जात, आणि झोप बिघडल्यापासून जाणे सुटले होते. कितीही वाईट रात्र गेली तरी पाचला उठून ध्यानाला जायचे आणि तेथून उजाडताना वावराकडे चालत जायचे, असे ठरले. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे हा या संपूर्ण उपचाराचा खुंटा आहे, कारण शरीरातील घड्याळ सकाळच्या उजेडावरून आपली वेळ लावून घेते. झोपण्याची वेळ आपल्या हाती पूर्णपणे नसते, उठण्याची असते.

दुपारची झोप बंद झाली. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्यातून झोपेची ओढ तयार होते. दुपारी दोन तास झोपले की ती ओढ खर्च होऊन जाते. चहातील कॅफिन याच द्रव्याचे काम अडवते आणि चार-पाच तासांनंतरही त्याचा निम्मा अंश शरीरात उरतो. म्हणून दुपारी दोननंतर चहा बंद केला, पाहुणे आले तरी. हा नियम पाळणे भाऊंना सर्वांत जड गेले, कारण विदर्भात पाहुण्यासोबत चहा न घेणे हा पाहुण्याचा अवमान समजला जातो. शेवटी पत्नीने त्यांच्या कपात गवती चहाचा काढा ओतण्याची युक्ती काढली. खर्रा एकदम सुटणार नव्हता. सायंकाळच्या जेवणानंतर तो खायचा नाही आणि पुडी घरात ठेवायची नाही, एवढ्यावर आम्ही थांबलो.

बाजेचा प्रश्न मात्र वेगळा विचार मागत होता. पुस्तकात लिहिलेले असते की झोप न आल्यास उठून दुसऱ्या खोलीत जावे आणि झोप आली की परत यावे. दोन खोल्यांच्या घरात, जेथे एका खोलीत मुलगा-सून झोपतात, तेथे दुसरी खोली कोठून आणायची? शिवाय भाऊंची बाज ही दिवसभर बैठकीची जागा होती. पाहुणे तिच्यावर बसत, हिशेबाची वही तिच्यावर उघडली जाई, मोबाईलवर कापसाचे भाव तिच्यावर पडून पाहिले जात, आजारी नातेवाईक तिच्यावर टेकत. ज्या जागेवर कर्जाचा हिशेब होतो त्या जागेवर झोप यावी अशी अपेक्षा करणेच चुकीचे होते. घरात आणखी एक बाज होती, तिची सुंभाची विण सैल झाली होती. ती नव्याने विणून घेतली आणि ती फक्त झोपेसाठी ठेवली. दिवसा ती भिंतीशी उभी राही आणि रात्री साडेअकरालाच टाकली जाई. बैठकीची जुनी बाज ओसरीत गेली.

जाग आली आणि साधारण वीस मिनिटे झोप लागत नाही असे वाटले की ओसरीत येऊन मंद दिव्याखाली बसायचे. बसून काय करायचे हा पुढचा प्रश्न होता. मोबाईल नको होता, कारण त्याचा उजेड आणि त्यातील बातम्या दोन्ही जागे ठेवतात. भाऊंनी स्वतःच अंबाडीचे दोर वळायचे सुचवले. हात गुंतलेले, डोके रिकामे, उजेडाची फारशी गरज नाही आणि कंटाळा येण्याची खात्री. याहून योग्य काम मलाही सुचले नसते. पहिल्या आठवड्यात बैलांसाठी दोन पुरे कासरे तयार झाले. सहाव्या आठवड्यात आणखी एक कासरा अर्धवट पडून होता, आणि तो का पूर्ण होत नाही हे मी त्यांना आनंदाने विचारले.

काळजीसाठी वेगळी वेळ ठरवली : सायंकाळी सहा ते साडेसहा, जुन्या बाजेवर, वही घेऊन. कोणाचे किती देणे आहे, कोणते कधी फेडायचे, मुलाशी काय बोलायचे, हे त्या अर्ध्या तासात लिहायचे आणि वही बंद करून कपाटात ठेवायची. रात्री तोच विचार आला तर त्याला उद्याच्या सहा वाजेपर्यंत थांबवायचे. मुलाच्या काळजीवर उपाय वेगळा हवा होता, कारण ती खरी होती. घरच्यांनी मोबाईलवरून सुरू-बंद होणारा स्टार्टर मोटारीला बसवला, त्यामुळे रात्रीचे जाणे थांबले नाही तरी फेऱ्या कमी झाल्या. आणि शेजारच्या वावरातील मुलासोबतच जायचे, वावरात पोहोचल्यावर आईच्या फोनवर एक मिसकॉल द्यायचा, असे ठरले. तो मिसकॉल भाऊंनी नव्हे, त्यांच्या पत्नीने पाहायचा होता.

पहिला आठवडा कठीण गेला. रात्री साडेअकरापर्यंत जागे राहणे त्यांना अशक्य वाटू लागले, आणि हेच मला हवे होते. दोन वर्षांत प्रथमच झोप त्यांच्या मागे लागली होती. त्या आठवड्यात सरासरी झोप चार तास पंचवीस मिनिटे, म्हणजे पूर्वीपेक्षा कमीच होती. पण कार्यक्षमता ८० टक्क्यांवर गेली. दुसऱ्या आठवड्यात झोप चार तास पन्नास मिनिटे आणि कार्यक्षमता ८८ टक्के. ८५ च्या वर गेले की झोपेचा काळ पंधरा मिनिटांनी वाढवायचा, या नियमाने तिसऱ्या आठवड्यात सव्वाअकरा आणि चौथ्या आठवड्यात अकरा ही वेळ आली.

गारपीट आणि मार्चअखेर

चौथ्या आठवड्यात, मार्चमध्ये, गारपीट झाली आणि सोंगणीला आलेला गहू आडवा पडला. त्याच आठवड्यात सोसायटीच्या भरण्याची तारीख जवळ आली होती. कार्यक्षमता ७१ टक्क्यांपर्यंत घसरली. नियमाप्रमाणे झोपेचा काळ पुन्हा कमी करायला हवा होता. मी तो केला नाही. पीक गेलेल्या घरातील माणसाची एका आठवड्याची जाग ही आजाराची नसून प्रसंगाची होती, आणि तिला आजार समजून वागवले असते तर भाऊंनीही तिला आजारच समजले असते. धोका वेगळाच होता. त्या दिवसांत ते पुन्हा रात्री आठला पाठ टेकू लागले असते, दुपारी झोपले असते, तर दोन वर्षांपूर्वीचा क्रम जसाच्या तसा परत सुरू झाला असता. म्हणून वेळा तशाच ठेवल्या, भेट दर आठवड्याऐवजी दर तीन दिवसांनी केली, जीवाविषयीचा प्रश्न दर वेळी विचारला, आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे मुलाला पाठवा, तुम्ही ध्यान चुकवू नका, एवढेच सांगितले. पाचव्या आठवड्यात कार्यक्षमता ८३ वर आणि सहाव्यात ८७ च्या पुढे गेली.

गोळी

अल्प्राझोलाम ही अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी भाऊ चौदा महिन्यांपासून रोज घेत होते. ती त्यांना एका औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळत होती. हे औषध 'शेड्यूल एच-१' मध्ये येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही आणि विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. खेड्यात हा नियम किती ठिकाणी मोडला जातो हे पाहून मला वाईट वाटते, कारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही गोळी खरोखर झोप आणते, मग शरीराला तिची सवय होते, आणि त्यानंतर माणूस झोपेसाठी नव्हे तर गोळी न घेतल्यास होणारा त्रास टाळण्यासाठी ती घेत राहतो.

अशी गोळी एकदम बंद करणे धोक्याचे असते. तीव्र अस्वस्थता, अजिबात झोप न लागणे आणि क्वचित झटके येऊ शकतात. म्हणून झोपेचा क्रम स्थिर होईपर्यंत मी तिला हातच लावला नाही. एप्रिलच्या आरंभी पाव मिलिग्रॅमच्या गोळ्या आणून दर दोन आठवड्यांनी मात्रा उतरवली : आधी दीड गोळी, मग एक, मग अर्धी, मग काही नाही. प्रत्येक पायरीनंतर तीन-चार रात्री झोप उथळ होई आणि पुन्हा सावरे. हे असे होणार हे आधी सांगितलेले असल्यामुळे ते घाबरले नाहीत. मेच्या मध्यास गोळी सुटली.

उन्हाळा

गोळी उतरवण्याचे महिने आणि विदर्भाचा उन्हाळा एकत्र आले, हे नियोजन मी पुन्हा करणार नाही. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की टिनाखालच्या खोलीत ते रात्री एकपर्यंत उतरत नाही. विणलेली बाज अंगणात आली, खालून हवा खेळू लागली, तिच्यावर मच्छरदाणी लागली. साडेनऊच्या सुमारास कोमट पाण्याने अंघोळ करायला सांगितले. गार पाण्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात, कोमट पाण्याने त्या मोकळ्या होऊन उष्णता बाहेर पडते. नवतपाच्या दिवसांत झोपेची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली आणि दुपारी फक्त वीस मिनिटे टेकण्याची सूट दिली, कारण उन्हात वावरातून आलेल्या माणसाला ती नाकारणे मला योग्य वाटले नाही. वेळ मोजण्याचे काम सुनेकडे होते आणि तिने ते कठोरपणे केले.

मृगाच्या तोंडावर, पेरणीच्या आधी, शेवटची नोंद केली तेव्हा झोपेचा काळ सव्वादहा ते पाच होता, प्रत्यक्ष झोप पाच तास पन्नास मिनिटे, कार्यक्षमता ८६ टक्के. प्रश्नावलीतील गुण २२ वरून ९ वर आले होते. आठवड्यातून एखादी रात्र अजूनही वाईट जात होती. पहाटे सकाळ होऊच नये असे आता वाटत नाही, हे त्यांनी मी न विचारताच सांगितले.

पुढचा रब्बी

डिसेंबरमध्ये मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो, कारण हरभऱ्याचे ओलित सुरू झाले होते आणि त्या आठवड्यात रात्रीची लाईन होती. शासनाच्या सौर कृषिवाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा वीज देणे हाच आहे, आणि माझ्या दृष्टीने ती या भागातील निद्रानाशावरची सर्वांत मोठी औषधयोजना ठरू शकते. परंतु भाऊंच्या फीडरवर ती अजून पोहोचली नव्हती. मुलाने सौर पंपासाठी वेगळा अर्ज केला होता आणि तो प्रलंबित होता.

मुलगा दोन दिवस तापाने आजारी असल्यामुळे आदल्या रात्री भाऊ स्वतः वावरात जाऊन आले होते. परतायला तीन वाजले. त्यांच्या पत्नीने सांगितले की आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, तासभर ओसरीत दोर वळला, जेमतेम पाऊण तास झोपले आणि पाचच्या ध्यानाला गेले. दुपारी ते झोपले नाहीत. त्या रात्री ते सव्वादहालाच निजले आणि पहाटे पत्नीला त्यांना हलवून उठवावे लागले.